हौदाकाठी फुलं नकोत

धाकटीचं पत्र येऊन त्या रविवारी एकोणीस दिवस झाले होते आणि मी उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं होतं, चार वेळा. दर वेळी दुसऱ्या ओळीतला एखादा शब्द खटकायचा, तो बदलला की पहिली ओळ खोटी वाटायची, आणि कागद कुठल्या तरी पुस्तकात सरकायचा. चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, त्याचा हा परिणाम असावा. नसेलही. भित्रेपणाला माणूस नेहमी एखादं बरं नाव शोधतो.

पत्र लहान होतं. "आप्पा, दादाचा फोन आला होता. मागच्या अंगणात पोहायचा तलाव बांधलाय, सुट्टीत या म्हणाला. चिमणी ऐकल्यापासून नाचतेय. दादाला काही विचारलं की तो 'सगळं ठीक आहे' म्हणतो. त्याचं ठीक म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला विचारते. त्या अंगणात मी चिमणीला उतरवू का? तुम्ही हो म्हणालात तर येईन. नाही म्हणालात तरी रागावणार नाही. पण काहीतरी लिहा."

मला पत्र लिहिते, कारण फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाही.

चिमणी म्हणजे तिची मुलगी. आता अकरा वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना याच अंगणात तिला मधमाश्या चावल्या. दोनच डंख होते, पण मानेवर. दहा मिनिटांत तोंड सुजलं, ओठ निळे पडले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखाना जवळ होता म्हणून पोर हाती लागली. डॉक्टरांनी बजावलं, की पुढच्या वेळी एक डंखही पुरेल. तेव्हापासून तिच्या दप्तरात एक इंजेक्शन असतं, आणि तेव्हापासून धाकटीने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

घरात त्या दुपारची हकीकत सगळ्यांना पाठ आहे. धाकटी बाजारात गेली होती. मी पोर सूनबाईच्या स्वाधीन करून पाणी प्यायला आत गेलो. सूनबाई कपडे वाळत घालत होती, तिचं लक्ष नव्हतं. पोर भिंतीवरच्या मधुमालतीपाशी गेली. वेलही सूनबाईनेच लावलेली. संध्याकाळी थोरल्याने कोयता घेऊन ती बुडापासून तोडली.

या हकीकतीतलं एक वाक्य मी दवाखान्याच्या जिन्यात रचलेलं आहे. मी आत गेलो नव्हतो आणि पोर कुणाच्याही स्वाधीन केली नव्हती. मी ओसरीवर वाचत बसलो होतो. पोर माझ्या पायाशी वाटीवर चमचा बडवत होती. मग आवाज थांबला. थांबला हे मला कळलंही होतं. एवढं पान संपवू आणि बघू, असं मी मनाशी म्हटलं. त्या पानावर काय होतं, ते आता काही केल्या आठवत नाही.

धाकटी धावत जिना चढत आली आणि म्हणाली, "तुमच्याजवळ ठेवून गेले होते ना?" तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. एकदा गेलं ते गेलं. नणंद-भावजयीत तेव्हापासून शब्द नाही.

आता सांगा, "हो, ये" असं मी कुठल्या तोंडाने लिहिणार होतो? आणि "नको येऊस" तरी कुठल्या?

*

रविवारी सकाळी मागच्या फाटकाशी नर्सरीवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून कुंड्या उतरायला लागल्या त्या थांबेनात. तलाव परवाच भरला होता. निळ्या फरशीवर पाणी नुसतं चमकत होतं आणि भोवती चारी बाजूंना उघडी माती. त्या मातीत काय लावायचं, एवढाच प्रश्न होता.

"अहो, हे सगळं आपलं?" थोरल्याने विचारलं. त्याचं फरश्या आणि नळांचं दुकान आहे. मालाचा ढीग बघून तो सहसा दचकत नाही, पण आता दचकला.

"तुमचंच की साहेब." नर्सरीवाल्याने वही काढली. उन्हाने रापलेला, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. "तुमच्या पत्त्याचे पाच फोन आले. पहिला तुमचा. पामची झाडं, बारा, एका उंचीची."

"बरोबर."

"दुसरा ताईंचा. मधुमालती दोन, जाई दोन, पांढरा चाफा एक."

सूनबाई दाराशी उभी होती. थोरल्याने तिच्याकडे बघितलं. "अगं, पाम ठरले होते ना आपले?"

"तुम्ही म्हणालात, तुला हवं ते सांग. मी सांगितलं."

"हो, पण म्हणजे..."

"म्हणजे काय?"

थोरला वहीत डोकावायला लागला. आमच्या घराण्यात तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नाही. सगळ्यांना सगळं 'हो', आणि मग प्रत्येकाने आपापलं गुपचूप उरकायचं. तलावाचा आकारसुद्धा असाच ठरला. थोरल्याला लांबट हवा होता, सूनबाईला गोल, आणि आता जो आहे तो कुणी मागितला होता ते गवंड्यालाही सांगता येत नाही.

"तिसरा फोन परत तुमचा साहेब. बांबू म्हणालात, पलीकडच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून. चौथा मोठ्या आजींचा. लिंबू आणि कढीपत्ता."

"मग!" माझी मोठी बहीण अक्का आधीच खुर्ची ओढून सावलीत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. 'नाही' म्हणणारी घरात ती एकटी. "एवढा हौद खणलाय. त्याच्या काठाला काही खायला नको? नुसतं बघत बसायचं?"

"आत्या, स्विमिंग पूलशेजारी कढीपत्ता कोण लावतं?"

"हौदाशेजारी पाणी असतं. पाण्याशेजारी झाड लावतात. यात शिकण्यासारखं काय आहे रे?"

नर्सरीवाल्याने शांतपणे सांगायला सुरुवात केली. अशी भांडणं त्याने बरीच पाहिली असावीत. बांबू नको, पानं गळून गाळणी रोज तुंबेल, आणि मुळं फरशीखाली शिरली तर तुम्हीच मला शोधत याल. लिंबाला काटे, ओल्या अनवाणी पायांत मोडतील. चाफ्याचा चीक, शिवाय फुलं पाण्यात सडतात. काठावर उडणाऱ्या पाण्यात औषध असतं, त्याने नाजूक पानं करपतात, म्हणून पहिली दोन हात जागा रिकामी, तिथे नुसते गोटे.

"मग राहिलं काय?" थोरला म्हणाला.

"राहिलं ते घरात ठरवा. मी चुन्याने खुणा करतो."

आणि त्याने खुणा केल्या. थोरला म्हणाला पाम इकडे, गोल काढला. सूनबाई म्हणाली वेल त्या भिंतीशी, तिथे फुली. अक्का काठी टेकत जाऊन एका गोलात उभी राहिली आणि म्हणाली, ही माझी जागा. थोरल्याने तीन पाम उचलून पलीकडे नेले, सूनबाईने जाईच्या कुंड्या त्यांच्या पुढ्यात आणल्या, मग पाम मागे, जाई डावीकडे. अर्ध्या तासाने जमीन सारवायची राहून गेल्यासारखी दिसत होती आणि कुठला गोल कुणाचा ते कुणालाच कळत नव्हतं. मीही दोन कुंड्या उचलल्या. कशासाठी, ते ठाऊक नाही. थोड्या वेळाने होत्या तिथेच ठेवल्या.

सूनबाईच्या मनात तेव्हा काय होतं, हे मी लिहू नये. पण पुढे तिने स्वतःच सांगितलं, म्हणून लिहितो. ती रोपं निवडायला आली नव्हती. भिंतीवर जिथे जुन्या वेलीचे खिळे अजून आहेत, तिथेच नवी वेल चढवायची, एवढंच तिने ठरवलं होतं. आठ वर्षं तिने या अंगणात एक फूल लावलं नव्हतं. कुणी लावू नकोस म्हटलं नव्हतं. कुणी लाव असंही म्हटलं नव्हतं.

आणि थोरला? त्याला एका ओळीत बारा पाम हवे होते, कारण पामवर कुणाचं भांडण होत नाही असं त्याला वाटलं. बहिणीला बोलावल्याचं त्याने बायकोला अजून सांगितलेलं नव्हतं. तलाव दिसला की सगळे आपोआप गोड होतील, असा त्याचा हिशेब होता. फरशी नीट बसली की खालची जमीन विसरायची, ही त्याची सवयच आहे. ती माझीच आहे म्हणा.

"पाच फोन म्हणालात," अक्का अचानक म्हणाली. म्हातारीच्या हातून काही निसटत नाही. "चारच झाले."

नर्सरीवाल्याने वही उलटली. "हां. पाचवा जरा विचित्रच होता. नाव सांगितलं नाही. 'फुलं नकोत' म्हणाले. मी विचारलं कुठली फुलं? तर म्हणे, 'कुठलीच. हौदाकाठी फुलं नकोत.' आणि ठेवून दिला."

"बाई की पुरुष?"

"काय सांगू आजी, आवाजच फुटत नव्हता. मला आधी वाटलं, कुणी रडतंय."

मी चष्मा पुसायला लागलो. चष्मा स्वच्छ होता.

"शेजारचे असतील," थोरला घाईने म्हणाला.

"शेजाऱ्यांना आपला पत्ता देऊन फुलं नकोत म्हणायला काय झालंय?" सूनबाईचा आवाज बदलला होता. "मला कळलं कोण ते. तिला बोलावलंय ना तुम्ही?"

"कुणाला?"

"अहो, उगाच नका करू. मागे एकदा तुम्ही गॅलरीत बोलत होतात. 'ये गं, सगळं ठीक आहे.' मी ऐकलं."

थोरल्याने डोकं खाजवलं. "सांगणारच होतो."

"तिने यावं. मी कधी नको म्हटलं? पण तिथून फोन करून माझ्या अंगणात काय लावायचं ते तिने ठरवायचं? नर्सरीत सांगायचं, पण मला सांगायचं नाही? म्हणजे मी अजून तीच. पोर जिने मारली असती ती."

"ती तसं म्हणाली नाही गं..."

"तिला म्हणायला कशाला लागतंय? तिच्या वाटचं म्हणायला आत्या आहेत की इथे!"

"मी काय म्हटलं आता?" अक्का म्हणाली. "आणि म्हटलं तरी चूक काय? कपडे काय पळून जात होते? पोर आधी की पोलकी आधी?"

सूनबाईने हातातली कुंडी खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या ध्यानात आलं, की इथे पुन्हा तेच घडतंय. एक गोष्ट मी केली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या नावावर चढली. या खेपेला मला वाक्य रचायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की झालं.

"फोन मी केला," मी म्हणालो.

कुणाला ऐकूच गेलं नाही. माझ्या बोलण्याचं नेहमी हेच होतं. थोरला अक्काला 'जरा गप्प बस' म्हणत होता आणि अक्का 'का बसू?' म्हणत होती.

"फोन मी केला," मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी बराच मोठ्याने, कारण नर्सरीवाल्याने कानावरची पेन्सिल काढून माझ्याकडे बघितलं.

"हाच आवाज!" तो म्हणाला.

"तुम्ही?" थोरला म्हणाला. "आप्पा, मग इथे बोलायचं ना. नर्सरीत कशाला?"

"इथे बोलवेना. चिमणीला माशी चावेल म्हणून नकोत म्हटलं असतं, तर हिला वाटलं असतं मी हिला बोल लावतोय." मी सूनबाईकडे बघायचा प्रयत्न केला, नजर तिच्या पायांशीच थांबली, पायांना चुना लागला होता. "आणि बोल लावायचा हक्क मला नाही. त्या दिवशी मी आत गेलो नव्हतो. तुझ्याकडे पोर दिली नव्हती. मी तिथे ओसरीवर वाचत बसलो होतो. ती उठून गेली ते मला कळलं होतं. मी पान संपवत होतो."

नर्सरीवाला टेम्पोकडे निघून गेला, शहाणा माणूस.

"पण तुम्ही म्हणाला होतात मला," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, गणित चुकलेल्या मुलीसारखा. "तुम्ही म्हणालात, 'हिला बघ जरा.' माझ्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते. मी मान हलवली."

"नाही म्हणालो."

"म्हणालात आप्पा. मला आठवतंय. तुमच्या हातात तांब्या होता."

"तांब्या नव्हता. पुस्तक होतं."

ती मटकन ओसरीच्या पायरीवर बसली. "मला तर चिमट्यांची चवसुद्धा आठवते," ती म्हणाली. "दवाखान्यात सगळे विचारायला लागले, तेव्हा मला काहीच आठवत नव्हतं. मग रोज आठवायला बसले. मी हो कधी म्हटलं, कसं म्हटलं. हळूहळू आठवलं सगळं. तांब्या आठवला. तुमचा शर्ट आठवला. आठ वर्षं मी त्या एका 'हो'साठी स्वतःला..." मग तिने वर बघितलं. "ते नव्हतंच? मग मी आठवत काय होते?"

मी आयुष्यभर छापलेल्या चुका शोधल्या. ही चूक मी दुसऱ्याच्या डोक्यात छापली होती, आणि ती तिथे खऱ्यासारखी बसली होती.

"वेल मी तोडली," थोरला एवढंच म्हणाला, भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघत. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं आता बोलेल. तो एक पाम उचलून पलीकडे घेऊन गेला आणि तिथे पाठमोरा उभा राहिला, पाम हातात तसाच.

अक्का काठी टेकत उठली. "लहानपणीही हा असाच होता," ती जगाला उद्देशून म्हणाली. "शाईची दौत स्वतः सांडायची आणि मांजराचं नाव घ्यायचं. मांजर बिचारं मार खायचं." मग ती सूनबाईशेजारी पायरीवर बसली. तिला तिथे बसायला डॉक्टरांनी मना केलंय. "आणि मी तुला आठ वर्षं बोलले. आता ते कुठे नेऊन पुरू? या हौदात?"

"राहू द्या आत्या."

"राहू द्या कशाला? चार शब्द तूही बोल मला. आज ऐकून घेते. उद्या ऐकेन असं नाही."

सूनबाई हसली की रडली ते मला दिसलं नाही.

*

नर्सरीवाला परत आला तेव्हा सगळे जागच्या जागी होते. त्याने घसा खाकरला. "काका, मघाशी ऐकलं म्हणून सांगतो. फुलं नकोत हे बरोबर. पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही. इकडे या."

त्याने मला तलावाच्या पायरीशी नेलं. जिथे पाणी फरशीला नुसतं ओलं करत होतं, तिथे दोन मधमाश्या बसल्या होत्या. अंगणात अजून एक रोपही लागलेलं नव्हतं.

"पाण्यासाठी येतात. फुलं असोत नसोत."

मी वाकून बघितलं. "मग? काहीच उपाय नाही?"

"शंभर टक्के नाही. पण त्या जवळचं आणि उथळ पाणी धरतात. पलीकडच्या कोपऱ्यात एक थाळी ठेवा, गोटे घालून, रोज भरायची. एक दिवस चुकली की परत इथे. इथली सवय लागायच्या आत करा."

"आणि काठाला काय लावायचं?" हे सूनबाईने विचारलं. ती उठून आली होती, डोळे लाल. माझ्याकडे न बघता ती त्याच्याशी बोलत होती.

"नेचे लावा. नेच्याला फूल येतच नाही. मागे उंच गवत. पामला तुरे येतात, पण वर्षांनी. निघाला की कापायचा."

"पाम चारच," ती म्हणाली. थोरला पलीकडून "चारच" म्हणाला. "लिंबू पुढच्या दारी. आणि माझ्या वेलीही पुढच्या दारी. रस्त्याच्या बाजूला."

"ताई, तुम्हाला तर ती भिंत..."

"भिंतीचं काय एवढं? पोर मागच्या दाराने येईल."

संध्याकाळपर्यंत चुन्याचे सगळे गोल पुसून नवे काढले गेले. नेच्यांच्या कुंड्या सोमवारी येणार होत्या. थोरल्याने दुकानातून एक पसरट बेसिन आणलं आणि कोपऱ्यात गोटे घालून ठेवलं. ते भरायचं काम मी मागून घेतलं. तो "बघू" म्हणाला.

सोमवारी सकाळी मी पाचव्यांदा लिहायला बसलो. जिन्यातलं वाक्य खोटं होतं, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मग झाडांची यादी. मग मधमाश्यांचं, बेसिनचं, आणि हे की एकही माशी येणार नाही असं मी लिहू शकत नाही. "उतरवू का" याचं उत्तर मला शेवटपर्यंत एका शब्दात देता आलं नाही. "ये, आणि आधी काठाशी बसून स्वतः बघ. मग ठरव. मी हो म्हणालो म्हणून उतरवू नकोस, माझ्या शब्दावर तू एकदा पोर ठेवून गेली होतीस," असं लिहिलं. ते वाक्य लांबलं आहे. तसंच ठेवलं.

पाकीट बंद करण्याआधी मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. सूनबाई भांडी लावत होती.

"वाचतेस का?"

"नको."

"खाली दोन ओळी लिहायच्या असतील तर जागा आहे."

तिने एक भांडं पुसलं, ते होतं तिथे ठेवलं, पुन्हा उचललं. "माझं मी लिहीन आप्पा," ती म्हणाली. "तुमच्या पाकिटात नको."

बरोबर होतं तिचं. मी पाकीट चिकटवलं.

पोस्टात खिडकीपाशी माझ्यापुढे दोघंच होते. कारकून मुलीने पाकीट काट्यावर टाकलं, तिकीट लावलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात भिरकावलं. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मी बाजूला झालो आणि परत खिडकीशी आलो. पत्त्यात घराचा आकडा मी सतरा लिहिला की एकाहत्तर, तेच मला आठवेना.

"जरा एकदा बघू का? आकडा तपासतो."

तिने पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत शंभरेक पाकिटं तरी असतील.

"आता नाही मिळायचं आजोबा," ती म्हणाली. "गेलं ते."